चार इंचांचा जोड

भागूबाई एकट्याच पैठणच्या एसटीत बसून शहरात येतील, क्रांती चौकातून रिक्षा करतील आणि चिकलठाण्याच्या शेडमध्ये थेट लेथपाशी येऊन उभ्या राहतील, असं नानासाहेबांना स्वप्नातही वाटलं नसतं. पण त्या आल्या. डोक्यावरचा पदर सारखा करून त्यांनी शेडभर एकदा नजर फिरवली, ऑइलचा एक रिकामा डबा पायानं पुढं ओढला, उपडा केला आणि त्यावर ऐसपैस बसल्या.

“पानी दे,” त्या म्हणाल्या. “आन् हे मशीन बंद कर. मला तुझ्याशी बोलायचंय.”

नानासाहेबांनी मुकाट्यानं बटण दाबलं. वय चोपन्न, हाताखाली सात माणसं, एमआयडीसीत नाव. पण वहिनीसमोर हा गृहस्थ अजून पाच वर्षांचाच होता. पोलीस ॲक्शनच्या दुसऱ्या वर्षी भागूबाई चौदाव्या वर्षी लग्न होऊन बोरवाडीला आल्या, तेव्हा घरात सासू नव्हती, होतं ते आईवेगळं शेंबडं पोर. नव्या नवरीनं शालूच्या पदरानंच त्याचं नाक पुसलं आणि त्याला कडेवर घेतलं. जगाच्या लेखी ते दीर-भावजय. आपसात मात्र ते तिला ‘वैनी, तू’ म्हणत आणि ती त्यांच्या पांढऱ्या केसांचा मुलाहिजा न ठेवता त्यांना ‘नाना, तू’.

“कावेरीचा सव्वा महिना रविवारी भरतो,” वहिनी पाणी पिऊन म्हणाल्या. “विहिरीची वटी भरायची हाये.”

नानासाहेबांना अंदाज होताच. कावेरी म्हणजे त्यांची सून, रामकिसनची बायको. घरात मूल जन्मलं की सव्वा महिन्यानं बाळंतिणीनं घरच्या विहिरीची ओटी भरायची, घुगऱ्या वाटायच्या आणि मगच लेकराला पाणवठा दाखवला असं म्हणायचं, ही घरची रीत. अडचण एवढीच होती, की घरची विहीर बावीस वर्षांपासून नाथसागराच्या तळाशी होती. धरणाचं पाणी चढायला लागलं तेव्हा थोरल्या भावानं, बद्रीनाथनं, विहिरीवरचं ऑइल इंजिन तेवढं उपसून काढलं आणि नव्या बोरवाडीत गेल्यावर ते एका लाकडी नावेत बसवलं. तेव्हापासून घरातली प्रत्येक बाळंतीण त्या नावेतून विहिरीच्या बरोबर वर जाई आणि ओटी पाण्यात सोडी.

“रामकिसन म्हणतो, सोसायटीच्या बोअरची पूजा करू,” नानासाहेब म्हणाले.

“बोअरची? आन् वटी कुठं भरायची? बटनाच्या डब्यात?”

शेजारचा वेल्डर खुदकन हसला. नानासाहेबांना मात्र हसू आलं नाही.

“वैनी, मी सुनेला आणि सव्वा महिन्याच्या लेकराला त्या नावेत बसवणार नाही. तुला बसवलं होतं. काय झालं ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.”

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दादांच्या, म्हणजे बद्रीनाथच्या, सुनेला दुसरं झालं होतं. नानासाहेब शहरात होते, बाकी सगळं घर नावेत होतं. वारा होता म्हणून वहिनी ताडपत्रीच्या आडोशाला इंजिनाजवळ बसल्या, आणि परत येताना बघतात तो त्या बसल्या जागीच कलंडलेल्या. इंजिनाच्या धुराचं बेंड, म्हणजे धूर बाहेर नेणारी वाकडी नळी, खालून गंजून फुटलं होतं आणि सगळा धूर ताडपत्रीखाली कोंडला होता. तीन दिवस वहिनी दवाखान्यात होत्या. वर चीड आणणारी गोष्ट अशी, की त्याच्याही दोन वर्षं आधी नानासाहेबांनी स्वतःच्या हातानं स्टेनलेस स्टीलचं, कधी गंजणार नाही असं बेंड करून दादांना पाठवलं होतं. दादा म्हणाले, “ते जपून पेटीत ठेवलंय. शेतातल्या जुन्या जीआय पाइपाचं लावलं व्हतं.” दवाखान्याच्या व्हरांड्यात, सगळ्या नातेवाइकांदेखत, नानासाहेब थोरल्या भावावर ओरडले होते, “तुमच्या गंजक्या नळीपायी माझी वहिनी गेली असती!” दादांनी मान खाली घातली. तेव्हापासून दोघे भाऊ बोलत नव्हते.

“मग नवीन कर,” वहिनी म्हणाल्या.

“नवीन कशाला? माझं पेटीत पडलंय ना? तेच लावा म्हणावं आता तरी.”

वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

“ते नको,” त्या म्हणाल्या. “नवीनच कर. माझ्यासमोर कर. मी बसते हितं.”

आता वहिनी बसते म्हणाली म्हणजे बसणार. नानासाहेबांनी रॅकमागून एक पाइप काढला. औषधाच्या एका कारखान्यानं टाकीची जुनी लाइन काढली, तेव्हा तिथल्या फोरमननं दिलेला, तीनशे सोळा नंबरच्या स्टेनलेसचा, तेजाबालाही, म्हणजे ॲसिडलाही, दाद न देणारा. वहिनींना त्यांनी समजावून सांगितलं, कारण समजावून सांगताना त्यांचा राग नेहमी उतरे. डिझेलच्या धुरात गंधक असतं. इंजिन गार करून आलेलं पाणी बेंडमध्ये धुराला भेटतं, त्यानं धूर निवतो, आवाज कमी होतो, पण नेमकं तिथंच तेजाब तयार होतं. बिडाचं बेंड दोन वर्षांत खाऊन टाकतं, वरून जस्त चढवलेलं जीआय तर त्याहून लवकर.

“म्हंजी दोघं भेटले की जळतंय,” वहिनी म्हणाल्या. “तुमच्यावानी.”

“आम्ही भेटतोच कुठं?” नानासाहेब म्हणाले आणि काच डोळ्यांवर ओढली.

त्यांनी पाइपाचे तिरके तुकडे कापले, जुळवले, इंजिनाला टेकणारी फ्लँज घासून सपाट केली. जोडाला वेल्डिंगचा रॉडही स्टेनलेसचाच वापरला. मग बेंडच्या बाहेरून प्रत्येक जोडावर खडू फासला आणि आतून रॉकेल ओतलं. कुठं केसाएवढी जरी फट असली तर खडू ओला होऊन डाग उमटतो. अर्धा तास दोघं खडूकडे बघत बसले. डाग उमटला नाही.

“मागच्या येळंला केलं व्हतं हे खडूचं?” वहिनींनी सहज विचारलं.

“मागच्या वेळी...” नानासाहेब थबकले. “दिवाळीची घाई होती. काय माहीत, आठवत नाही.”

वहिनींनी डबा मागं सारला आणि त्या उठल्या.

रविवारी सकाळी नव्या बोरवाडीला माणसं जमली तीच मुळात दोन तट करून. नानासाहेबांची बहीण द्वारकाबाई फुलंब्रीहून आली होती. जीभ तिखट, मन साखरेचं, आणि दोन वर्षांपासून पक्की नानासाहेबांच्या बाजूची. पायरी चढता चढताच तिनं थोरल्या भावाला सुनावलं.

“काय दादा, आज कोन्ता पाइप लावलाय? रझाकाराच्या टायमाचा हाये का त्याच्याबी आधीचा?”

बद्रीनाथ ओसरीवर घुगऱ्यांचं भिजवलेलं धान्य निवडत बसले होते. अडुसष्ट वर्षांचा वाळका माणूस. ते नुसते हसले.

“हसू नगा. तुमाला नवी वस्तू पेटीत ठेवायची लई खोड. बायकू बी ठेवा पेटीत.”

“पेटी लहान पडती तिला,” बद्रीनाथ म्हणाले. आतून वहिनींचा आवाज आला, “ऐकलं बरं का मी,” आणि बायका हसल्या.

कावेरी बाळाला दुपट्यात गुंडाळून उंबऱ्यात उभी होती. ती शहरातल्याच सातारा परिसरात वाढलेली, बँकेत नोकरी करणारी मुलगी. पण ओटी विहिरीचीच भरायची असं तिनंच ठासून सांगितलं होतं. रामकिसन मात्र तोंड वेडावाकडं करून फिरत होता.

“बाबा, तुम्हीच म्हणाला होता त्या नावेत कुणी बसायचं नाही. आता तुम्हीच?”

“आता बेंड माझं आहे,” नानासाहेब म्हणाले. “आणि मी स्वतः बसवणार आहे. मी सांगितल्याशिवाय कुणी नावेत पाय ठेवायचा नाही.”

ते बद्रीनाथना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. बद्रीनाथनी धान्यातला एक खडा उचलून अंगणात टाकला.

हत्यारांची पिशवी घेऊन नानासाहेब एकटेच काठाला गेले. नाव खुंट्याला बांधलेली होती. इंजिनावर सध्या उभी, सरळ, कोरडी नळी होती. त्या अपघातानंतर दादांनी पाण्याची भानगडच काढून टाकली होती. धूर डोक्यावरून जाई खरा, पण आवाज असा, की शेजारच्या माणसाशी हातवारे करून बोलावं लागे, आणि वारा फिरला की काजळी सगळ्यांच्या अंगावर. सव्वा महिन्याचं लेकरू त्या आवाजात कसं टिकणार? नानासाहेबांनी ती नळी उतरवली, नवं बेंड बसवलं. पाणी उलटं इंजिनात जाऊ नये म्हणून मागच्या बाजूला उतार धरला. तीन बोल्ट त्यांनी आवळले, आणि चौथा हातातून निसटून फळ्यांच्या फटीत गेला.

चडफडत त्यांनी फळी उचलली. बोल्ट समोरच होता. त्याच्या पलीकडे पत्र्याची एक छोटी पेटी होती. दादा त्यात सुटे नट-बोल्ट ठेवत, हे त्यांना लहानपणापासून माहीत. ही पेटी विहिरीवरच्या खोपीतलीच. एखादा वॉशर मिळेल म्हणून त्यांनी ती उघडली.

आत गोणपाटात गुंडाळलेलं त्यांचं स्टेनलेसचं बेंड होतं.

पेटीत जपून ठेवलंय, हे खोटं नव्हतं तर. नानासाहेबांना क्षणभर तोच जुना राग आला. मग त्यांनी गोणपाट सोडलं. बेंड आतून काजळीनं काळंकुट्ट होतं. न वापरलेल्या नळीला काजळी कुठून येणार? त्यांनी ते उलटं केलं. बाकी सगळा पत्रा अजून चकाकत होता. फक्त खालच्या बाजूला, एकाच जोडावर, चार इंचांची तांबडी रेघ होती. गंजून, फुगून, मधोमध उघडलेली.

आणि मग सगळं आठवलं. तो शुक्रवार होता. स्टेनलेसचे रॉड संपले होते, आणि रॉडवाल्या बोहऱ्याचं दुकान शुक्रवारी बंद. दिवाळीला गावी जाणाऱ्या माणसाबरोबर बेंड पाठवायचं होतं. चार इंच जोड राहिला होता. त्यांनी साधा लोखंडी रॉड उचलला, जोड पुरा केला आणि वरून असा बफ मारला, की प्रत्यक्ष विश्वकर्म्यालाही ओळखू आला नसता. चार इंचांनी काय होतंय, असं तेव्हा ते मनाशी म्हणालेही होते.

नानासाहेब नावेत खालीच बसले. त्यांच्या वहिनीला धूर लागला तो त्यांच्याच हातच्या बेंडचा. 

“सापडलं व्हय,” मागून आवाज आला.

बद्रीनाथ डिझेलचा कॅन घेऊन काठावर उभे होते. गेल्या दोन वर्षांतला हा त्यांचा धाकट्या भावाशी पहिला शब्द.

“दादा, तुम्ही म्हणालात जीआयचं लावलं होतं.”

“म्हनालो.”

“का?”

बद्रीनाथ सावकाश नावेत उतरले. कॅन ठेवला. गुडघ्यावर हात देऊन समोर बसले.

“तू दवाखान्यात आलास तवा तुझं तोंड पाह्यलं मी,” ते म्हणाले. “माय गेली तवा असंच व्हतं तुझं तोंड. पाच वर्साचा व्हतास. म्या म्हनलं, वैनीच्या जिवावर उठलं ते आपल्याच हातचं हाये हे याला कळलं तर हे पोरगं मशीनला हात लावायचं नाय पुन्यांदा. मला झेपतंय. मी काय, समद्यांच्या शिव्या तशाबी खातोच.”

“वैनीला माहीत आहे?”

“तिच्यापासून काय लपतंय? तिला सपत घातली व्हती.”

नानासाहेबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात काजळीचे असल्यामुळं ते पुसताही येत नव्हतं. बद्रीनाथनी खांद्यावरचा टॉवेल काढून पुढं केला.

“दोन वर्षं मी तुमच्याशी बोललो नाही, दादा.”

“नाय बोललास. पर दर दिवाळीला इंजिनाचं ऑइल पाठवत व्हतास रामकिसनजवळ. म्या म्हनलं, राग माझ्यावर हाये, इंजिनावर नाय.” बद्रीनाथनी ते फुटकं बेंड हातात घेतलं, गोणपाटात पुन्हा गुंडाळलं. “फेकून द्यावं वाटलं नाय. तुझ्या हातचं व्हतं.”

“मी आज सगळ्यांना सांगणार.”

“काय गरज नाय. झालं गेलं गंगेला मिळालं. लेकराच्या दिवशी कशाला?”

“मी तेव्हा सगळ्यांदेखत बोललो होतो.”

“गप बस नान्या,” बद्रीनाथ म्हणाले आणि उठले. “चौथा बोल्ट आवळ आधी. कधीचा हातात धरून बसलाय.”

दहाच्या सुमाराला नाव सुटली. बद्रीनाथ सुकाणूवर, नानासाहेब इंजिनापाशी. फटफट आवाजाच्या तयारीनं द्वारकाबाईनं कानावर पदर घट्ट बांधला होता. तिनं तो हळूच सोडला. बेंडमधून धूर आणि पाणी एकत्र फुर्र फुर्र करत मागं पडत होतं, आणि इंजिन नुसतं घुमत होतं. कावेरीच्या मांडीवर बाळ झोपेतच ओठ हलवत होतं.

“बंद पडलं का काय?” द्वारकाबाईनं विचारलं.

“चालू आहे, आत्या,” रामकिसन म्हणाला. त्याचाही चेहरा जरा सैल झाला होता.

काठावरच्या टेकडीवरच्या दोन बाभळी एका रेषेत आल्या आणि डाव्या हाताला पंपघराची टाकी तिसऱ्या खांबामागं गेली, तेव्हा बद्रीनाथनी हात वर केला. नानासाहेबांनी इंजिन बंद केलं. खाली, चार पुरुष खोल पाण्यात, त्यांची विहीर होती. याच विहिरीच्या थारोळ्यात, मोटेचं पाणी पडे त्या कुंडात, वहिनी त्यांना आंघोळ घालीत, आणि ते साबण डोळ्यांत गेला म्हणून बोरवाडीभर ऐकू जाईल असं रडत.

कावेरीनं हळदकुंकू वाहिलं. खण, नारळ, तांदूळ ओंजळीनं पाण्यात सोडले. वहिनींनी बाळाला हातांत घेऊन पाण्यावर वाकवलं.

“ए माय,” त्या पाण्याशी बोलल्या, “ही नानाची सून. हे तिचं लेकरू. म्या नानाला तुझ्याच पान्यावर वाढीवलं. यालाबी वळख दे.”

मग त्यांनी विहिरीचं म्हणून एक ओंजळ पाणी घेऊन बाळाच्या टाळूला लावलं. बाळ दचकलं, पण रडलं नाही. घुगऱ्यांचा द्रोण फिरला. सगळे खात होते. नावेला पाण्याचे हलके हलके फटके बसत होते.

नानासाहेब उभे राहिले.

“मला सगळ्यांना एक सांगायचंय,” ते म्हणाले. “त्या दिवशी दवाखान्यात मी दादांना जे—”

बद्रीनाथनी त्यांच्याकडे एकदाच पाहिलं, सुकाणू सोडलं, दोन ढांगांत इंजिन गाठलं आणि हँडल घालून असं गरगरा फिरवलं, की अडुसष्ट वर्षांच्या माणसाला शोभू नये. इंजिन सुरू झालं. नानासाहेबांना हे इंजिन विहिरीवर होतं तेव्हापासूनची सवय. इंजिन सुरू झालं की ओरडून बोलायचं. त्यांनी छाती भरून घेतली आणि अख्ख्या नाथसागराला ऐकू जाईल अशा आवाजात ते ओरडले,

“वैनीला धूर लागला तो माझ्या बेंडचा! मी लोखंडी रॉडनं जोडलं होतं! दादांचा काही दोष नव्हता! माझं नाव राखायला त्यांनी आपल्या अंगावर घेतलं!”

नवं बेंड नुसतं फुर्र फुर्र करत होतं. एकही शब्द कुणाला चुकला नाही. पलीकडं जाळं टाकून बसलेल्या कोळ्यानंसुद्धा मान वळवून पाहिलं.

द्वारकाबाईच्या हातातला घास हातातच राहिला. ती जागेवरून उठली, डुलत डुलत थोरल्या भावापर्यंत गेली, आणि आपल्या द्रोणातल्या सगळ्या घुगऱ्या तिनं त्याच्या ओंजळीत ओतल्या.  तिचं असं गप्प होणं घरात यापूर्वी कुणी पाहिलं नव्हतं. रामकिसननं पुढं होऊन मोठ्या बाबांच्या पायांना हात लावला.

बद्रीनाथ ओंजळभर घुगऱ्या घेऊन तसेच अवघडून उभे होते. कान लाल झाले होते.

“लईच बारीक आवाजाचं केलंस रं हे, नान्या,” ते पुटपुटले. “मानसाला काय झाकताबी येईना.”

वहिनी उठल्या. बाळाला छातीशी धरून त्या फळ्यांवरून जपून चालत मागं आल्या आणि इंजिनाच्या अगदी लगत, त्या दिवशी जिथं बसल्या होत्या त्याच जागी, मांडी घालून बसल्या. रामकिसन काही बोलायला गेला, तर कावेरीनं त्याचा हात धरला.

“वैनी, पुढं बस ना तू,” नानासाहेब म्हणाले. 

“कामून?” वहिनींनी बाळाचं दुपटं नीट केलं. “हितं सावली हाये, आन् बेंड माझ्या नानानं केलंय. चल, घे घराकडं.”